जोडीने तमिळनाडू: पाँडिचेरी, तंजावर, चेट्टिनाड आणि मदुराई कसं प्लॅन करायचं

लग्न ठरलं किंवा ॲनिव्हर्सरी जवळ आली की बहुतेक जण मनाली, केरळचं हाऊसबोट नाहीतर गोवा इथेच येऊन थांबतात. तमिळनाडूचं नाव काढलं की घरातले म्हणतात "तिथे काय, देवळंच देवळं, ते म्हातारपणी करा." आम्ही दोघं जाऊन आलोय, त्यामुळे मनापासून सांगते, जोडीने जायला यापेक्षा सुंदर पट्टा मला माहीत नाही. फक्त नेहमीच्या टूर कंपनीसारखं रोज एक शहर, सकाळी सात ते रात्री नऊ फिरणं, असं केलंत तर दमून परत याल आणि रोमँटिक वगैरे काही उरणार नाही. या लेखात सगळं क्रमाने लिहितेय, कागदपत्रांपासून गजऱ्यापर्यंत.

१. आधी एक गोष्ट पक्की करा: दुपार रिकामी ठेवायची

सगळ्या प्लॅनिंगचा पाया हाच आहे म्हणून पहिल्यांदा लिहितेय. तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असतात. ऊन असं असतं की दगडावर पाय ठेवता येत नाही. नवीन माणसाला वाटतं अरे दिवस वाया गेला, मग तो त्या चार तासात दुसरं शहर गाठायचा प्रयत्न करतो. तसं करू नका. तिथले लोक पहाटे उठतात, सकाळी कामं उरकतात, दुपारी घरात असतात आणि संध्याकाळी पाचनंतर परत सगळं गाव रस्त्यावर येतं, तुम्हीही तेच करा. सकाळी सहा ते दहा बाहेर, मग भरपेट जेवण, मग एसी खोलीत झोप, गप्पा, काहीही, आणि संध्याकाळी परत बाहेर. जोडीला एकमेकांसाठी वेळ हवा असतो ना, तो इथे वेळापत्रकातच आहे. म्हणून खोलीवर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण खोलीत तुम्ही खरंच राहणार आहात.

२. कधी जायचं

जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा. बस. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणून आपण दिवाळीच्या सुट्टीत बिनधास्त बुकिंग करतो, पण तमिळनाडूच्या किनाऱ्याकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, आणि वादळंही याच काळात येतात. दिवाळीत पाँडिचेरीला जाऊन हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसलेल्या जोड्या खूप आहेत. एप्रिल-मे मध्ये मदुराई भाजून काढते.

जानेवारीच्या मध्याला पोंगल असतो, तेव्हा सगळं राज्य आपापल्या गावी जातं, ट्रेन-बस मिळत नाहीत, तो आठवडा टाळा. नोव्हेंबर ते जानेवारी मध्यापर्यंत शबरीमलेला जाणाऱ्या भक्तांची मदुराईत भरपूर गर्दी असते हेही लक्षात ठेवा. एक अपवाद मात्र सांगते. उन्हाची आणि गर्दीची तयारी असेल तर एप्रिल-मेच्या सुमारास मदुराईचा चित्तिरै उत्सव असतो, त्यात मीनाक्षी (पार्वती) आणि सुंदरेश्वर (शिव) यांचं लग्न लागतं आणि त्या दिवशी तिथल्या बायका स्वतःच्या मंगळसूत्राचा दोरा बदलतात. पण पहिल्याच ट्रिपला नको.

३. रूट आणि किती रात्री

सात रात्री मिळाल्या तर असं करा:

- पाँडिचेरी २ रात्री
- तंजावर २ रात्री
- चेट्टिनाड (कारैकुडी किंवा कानाडुकात्तान) १ रात्र
- मदुराई २ रात्री

मुंबई किंवा पुण्याहून चेन्नईपर्यंत विमान, तिथून समुद्राच्या बाजूने ईस्ट कोस्ट रोडने पाँडिचेरी साधारण १५० किलोमीटर, वाटेत महाबलीपुरम लागतं, तिथलं शोअर टेंपल बघून पुढे जा. परत येताना मदुराईहून विमान. चेन्नईलाच परत यायचं ठरवलंत तर एक अख्खा दिवस प्रवासात जातो, म्हणून जाण्याचं तिकीट एका शहराचं आणि येण्याचं दुसऱ्या शहराचं काढा. थोडं महाग पडलं तरी परवडतं.

चारच दिवस असतील तर पाँडिचेरी सोडा आणि तंजावर-मदुराई करा. खूप जणांना हे पटणार नाही कारण इन्स्टावर पाँडिचेरीचेच फोटो असतात, पण तंजावर आपलं आहे, का ते पुढे सांगते. रामेश्वरम, कन्याकुमारी, कोडाईकनाल यातलं काहीही "जवळच आहे ना" म्हणून घुसडू नका.

४. कागदपत्रं आणि सामान

- दोघांचंही ओरिजिनल ओळखपत्र. एकाचं दाखवून चालत नाही, चेक-इनला दोघांचं मागतात. फोनमधला फोटो सगळीकडे चालेलच असं नाही.
- नवीन लग्न झालं असेल तर हे नीट वाचा: तिकिटावर तेच नाव टाका जे ओळखपत्रावर आहे. लग्नानंतरचं नाव हौसेने टाकतात आणि आधारवर माहेरचं आडनाव असतं, मग एअरपोर्टवर गेटवरच अडकतात.
- लग्न झालेलं नसेल तर दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला कायद्याची मनाई नाही, पण लहान शहरातली काही हॉटेलं खोली देत नाहीत. बुकिंग करायच्या आधी फोन करून स्पष्ट विचारा, लाजू नका, आणि जमलं तर मेसेजवर लेखी उत्तर घ्या. रात्री दहाला सामान घेऊन दुसरं हॉटेल शोधणं फार त्रासाचं.
- सुती कपडे, खांदे आणि गुडघे झाकणारे. मदुराईच्या देवळात शॉर्ट्स, स्लीव्हलेस चालत नाही. पुरुषांनी तिथेच एक वेष्टी म्हणजे पांढरी लुंगी विकत घ्यावी, वेल्क्रो लावलेलीही मिळते, सुटायची भीती नाही.
- जाड मोजे, दोघांसाठी. देवळात चपला बाहेर काढायच्या आणि अंगण दगडाचं, नऊ-दहानंतर पाय पोळतात.
- ओडोमॉस, टोपी, पाण्याची बाटली, थोडी रोख रक्कम सुट्ट्या पैशात.

ट्रेनने जाणार असाल तर रिझर्व्हेशन आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही.

५. गाडीचं काय

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. तमिळनाडूत ड्रॉप टॅक्सी म्हणून प्रकार आहे, एका शहरातून दुसऱ्या शहरात सोडतात आणि एकाच बाजूचं भाडं घेतात. सात दिवस एकच गाडी बरोबर ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि तुम्ही दोघंच असाल तर दिवसभर ड्रायव्हर ताटकळत उभा आहे याचं ओझंही डोक्यावर राहत नाही. बुक करताना चार गोष्टी विचारा: किमान किती किलोमीटरचे पैसे, टोल वेगळा का, ड्रायव्हर बत्ता म्हणजे त्याचा भत्ता किती, आणि परमिट. पाँडिचेरी केंद्रशासित आहे त्यामुळे हद्द ओलांडताना परमिटचे पैसे लागतात आणि ते बऱ्याचदा आधी सांगत नाहीत.

गावातल्या गावात पाँडिचेरीला स्कूटर भाड्याने घ्या (लायसन्स ओरिजिनल लागेल, हेल्मेट दोघांनी घाला), बाकी ठिकाणी ॲपवरची रिक्षा किंवा भाव ठरवून. हिंदीची अपेक्षा ठेवू नका, साधं सोपं इंग्रजी आणि हातवारे पुरतात. "अण्णा" आणि "अक्का" म्हणून हाक मारली की समोरचा माणूस लगेच मऊ होतो, "एव्वळवु" म्हणजे किती, "पोदुम" म्हणजे पुरे, हा शेवटचा शब्द जेवताना फार लागतो.

६. पाँडिचेरी: पहाटे आणि रात्री

फ्रेंचांनी १९५४ मध्ये पाँडिचेरी सोडली पण व्हाईट टाऊनच्या, म्हणजे जुन्या फ्रेंच वस्तीच्या, पिवळ्या भिंती, बोगनवेल, सरळ आखलेल्या गल्ल्या अजून तशाच आहेत. हे सगळे बघतात. सकाळी सहा-साडेसहाला बघा, कारण अकरा वाजता प्रत्येक पिवळ्या भिंतीसमोर फोटोसाठी रांग असते. समुद्राकाठचा रस्ता संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत गाड्यांना बंद असतो, फक्त चालायचं. रात्री जेवून तिथे जा, खडकांवर लाटा आपटत असतात, म्हातारे-कोतारे, पोरं, सगळं गाव तिथे असतं आणि तरी तुम्हाला कोणी त्रास देत नाही. तिथे पोहायचं मात्र नाही, खडक आहेत. इतर बीचवरही पाण्याला ओढ आहे, गुडघ्याच्या वर जाऊ नका.

बहुतेक जण कालव्याच्या पलीकडचा तमिळ भाग बघतच नाहीत. तिथल्या जुन्या घरांना रस्त्याकडे ओटा असतो आणि आत चौक, अगदी आपल्या वाड्यासारखं, आणि काही घरांत खालचा मजला तमिळ पद्धतीचा नि वरचा फ्रेंच. व्हिस्याल स्ट्रीटवरून एक चक्कर मारा.

पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिल या वसाहतीतलं मातृमंदिर, म्हणजे ध्यानाची गोल इमारत, बाहेरून बघायचं तर व्हिजिटर सेंटरमधून पास घ्यावा लागतो, आत ध्यानाला बसायचं तर आधी बुकिंग लागतं, ऐनवेळी गेलात तर आत सोडत नाहीत. दोघांनाही शांत बसायची आवड असेल तरच आतलं बुकिंग करा. एकाला ओढून नेऊ नका.

राहण्याबद्दल दोन शब्द. अरविंद आश्रमाची गेस्ट हाऊसेस स्वच्छ आणि स्वस्त असतात, पण रात्री ठराविक वेळेला गेट बंद होतं, दारू-सिगरेट चालत नाही. उशिरापर्यंत बाहेर बसायचं असेल तर व्हाईट टाऊनमधलं एखादं जुनं घर बघा. आणि पाँडिचेरीत दारू स्वस्त मिळते म्हणून बाटली बॅगेत टाकून पुढे तंजावरला नेऊ नका, तमिळनाडूच्या हद्दीवर तपासणी होते आणि तो गुन्हा आहे.

७. तंजावर: इथे घाई अजिबात नको

पाँडिचेरीहून तंजावरला जाताना वाटेत चिदंबरम लागतं, नटराजाचं देऊळ सकाळी बघता येईल असं निघा. दुपारी पोचलात तर दार बंद. वेळ असेल तर जवळच पिचावरमला खारफुटीच्या जंगलात बोट मिळते, दोघांसाठी छान आहे. पुढे कुंभकोणमला डिग्री कॉफी म्हणजे तिथली फिल्टर कॉफी प्या, पितळी डबरा-टंबलरमधली (वाटी आणि पेला), आणि तिथून जवळच असलेलं दारासुरमचं देऊळ बघा. बाराव्या शतकातलं आहे, गर्दी कमी, कोरीवकाम इतकं बारीक की एकेका खांबापाशी दोघांनी वेगवेगळं काहीतरी शोधून एकमेकांना दाखवावं.

आता तंजावरचं बृहदीश्वर देऊळ. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं, ग्रॅनाइटचं, शिखराची उंची साठ मीटरच्या वर. दोनदा जा, एकदा सकाळी उघडल्या उघडल्या आणि एकदा संध्याकाळी पाचला. सूर्य उतरायला लागला की दगड सोनेरी होतो, लोक सहकुटुंब डबे घेऊन हिरवळीवर बसलेले असतात, तुम्हीही बसा. गाईड घेतलात तर त्याला सांगा की मराठी शिलालेख दाखव. देवळाच्या आवाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरलेला आहे, इथले मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला, खूप लांबलचक. घरापासून हजार किलोमीटरवर, चोळांच्या देवळात, आपली भाषा दगडात वाचताना अंगावर काटा येतो. मी तर तिथे बोटाने ओळ धरून एकेक अक्षर लावत बसले होते आणि नवरा शेजारी उभा राहून पुढचे शब्द सांगत होता. (हात लावू नका, लांबूनच.)

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात इथे मराठ्यांचं राज्य सुरू केलं आणि ते एकोणिसाव्या शतकापर्यंत चाललं. राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे, सरफोजीराजांनी वाढवलेलं, त्यात मोडी कागदपत्रंही आहेत. सगळं बघायला मिळत नाही, संग्रहालयाचा भाग खुला असतो. सुट्टीचा वार कोणता ते आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्या.

त्याच राजवाड्यात आर्ट गॅलरी आहे आणि या ट्रिपमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट तिथे आहे. चोळांच्या काळातलं, तिरुवेनकाडू गावात सापडलेलं कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीच्या लग्नाचं ब्राँझ. शिवाने पार्वतीचा हात हातात घेतलाय आणि ती मान किंचित खाली घालून उभी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने लग्नाच्या त्या एका क्षणातला संकोच धातूत कसा पकडला असेल याचं मला अजून नवल वाटतं. जोडीने आलेल्यांनी ते न बघता जाऊ नये. तिरुवेनकाडूचाच वृषवाहन शिवही बघा, हात बैलाच्या खांद्यावर टेकवल्यासारखा ठेवलाय, बैल मात्र आता नाही. गॅलरीत पाट्या नीट नाहीत, त्यामुळे ही दोन नावं लिहून घेऊन जा आणि तिथल्या माणसाला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुवैयारू, १३ किलोमीटर, कावेरीच्या काठी कर्नाटक संगीताचे रचनाकार संत त्यागराज यांची समाधी. जानेवारीत तिथे आराधनेचा उत्सव असतो, शेकडो गायक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच रचना, गातात. एरवी शांत असतं.

खरेदी: मान डोलावणारी बाहुली घ्या पण बऱ्याचदा कागदाच्या लगद्याची असते, हँडबॅगेत ठेवा. तंजावर पेंटिंग घाईने घेऊ नका, देवळाबाहेर छापील चित्रावर चमकी लावून विकतात. खऱ्या चित्रात लाकडी फळीवर उठाव केलेला असतो आणि सोन्याचा वर्ख, हाताला उंचवटा लागतो.

८. चेट्टिनाड: एक रात्र, पण पूर्ण

व्यापारी चेट्टियारांनी बर्मा, मलाया इकडून कमावलेल्या पैशातून बांधलेले वाडे, बर्मा टीकचे खांब, एकामागे एक चौक. काही वाड्यांची हॉटेलं झालीत, त्यातलंच एक घ्या, इथे स्वस्त लॉजमध्ये राहण्यात काही अर्थ नाही. बघायला ठेवलेले वाडे थोडी फी घेऊन उघडतात, पण मालकांच्या घरी कार्य असलं तर बंद, त्यामुळे अमुकच वाडा बघायचा असा हट्ट नको. आत्तंगुडीला फरशा बनवताना बघा, काचेवर रंग ओतून हाताने करतात, भट्टी नाही.

जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, मगच खरं चेट्टिनाड जेवण मिळतं. तिखट असतं, मिरीचं तिखट, आपल्या कोल्हापुरीपेक्षा वेगळं, घशात उशिरा जाणवतं. शाकाहारी असाल तर तसं आधी स्पष्ट सांगा, भरपूर प्रकार करून देतात.

९. मदुराई: रात्र मीनाक्षीची

देवळाच्या पायी अंतरावर हॉटेल घ्या, एवढं एकच बघा. सकाळ-संध्याकाळ-रात्र, तीन्ही वेळा जावंसं वाटतं.

देवळात मोबाईल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो, टोकन मिळतं. त्यामुळे आत शिरण्याआधी दोघांनी भेटायची जागा ठरवा, सोन्याचं कमळ असलेल्या तळ्याच्या पायऱ्या सगळ्यात सोप्या. गर्दीत हात सुटला आणि फोन नाही, मग अर्धा तास एकमेकांना शोधण्यात जातो. चारही दिशांना गोपुरं सारखीच दिसतात, चप्पल कुठल्या दाराला काढली ते लक्षात ठेवा.

आणि रात्री नऊच्या सुमारास आत थांबा. रोज रात्री देऊळ बंद होण्याआधी सुंदरेश्वराच्या पादुका पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहात नेतात, वाजंत्री, धूप, उदबत्त्या, मागे चालणारे लोक. दिवसभर दोघं आपापल्या गाभाऱ्यात आणि रात्री देव स्वतः देवीकडे जातो. वेळ थोडी पुढेमागे होते, संध्याकाळी देवळातच विचारून घ्या आणि वीस मिनिटं आधी जागा पकडा.

मोगरा मदुराईचा. जीआय टॅग मिळालेला, पाकळी जाड आणि वास रात्रभर टिकणारा. फुलवाल्या कोपरापासून बोटापर्यंत हाताने मापून माळ देतात, त्या मापाला मुळम म्हणतात. लग्नसराईत भाव खूप वाढतो, तेव्हा आधी विचारा. संध्याकाळी देवळात जायच्या आधी घ्या, नवऱ्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय, तिने मागायची वाट बघू नका.

खायला: रात्री अकरालाही गरम इडली मिळते, चार चटण्यांबरोबर. जिगरठंडा प्या, दूध, आइस्क्रीम, बदाम-पिसीन म्हणजे भिजवलेला डिंक, नन्नारीचं म्हणजे अनंतमुळाचं सरबत. मांसाहारी असाल तर मेसमध्ये कारी दोसा. केळीच्या पानावर जेवलात की पान आपल्या बाजूला दुमडायचं.

तिरुमलै नायक महाल दुपारी नको, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो सध्या चालू असेल तर त्याला जा, चालू आहे का आणि इंग्रजी शो कितीला ते आधी विचारून.

१०. वागण्याबद्दल थोडंसं

हात धरून चालायला कुठेच अडचण नाही. देवळात, ग्रामीण भागात यापलीकडे काही करू नका, लोक बोलतील आणि तुमचाच मूड जाईल. देवळात कोणी माणूस आपणहून "स्पेशल दर्शन करून देतो" म्हणत मागे लागला तर नको म्हणा, स्पेशल दर्शनाचं तिकीट काउंटरवरच मिळतं. आणि दोघांपैकी एकाला देवळांचा कंटाळा असेल तर दिवसाला एकच देऊळ असा करार आधीच करून टाका, बाकी वेळ कॉफी, बाजार, गॅलरी.

११. बुकिंगचा क्रम

आधी विमान (चेन्नईला जाणं, मदुराईहून येणं), मग चेट्टिनाडचा वाडा कारण खोल्या मोजक्या असतात, मग पाँडिचेरी आणि तेही शक्यतो सोमवार ते गुरुवार, कारण शनिवार-रविवारी चेन्नई-बंगळुरूची सगळी गर्दी तिथे असते आणि भाव चढतात. मग मदुराई, तंजावर. मातृमंदिराचं बुकिंग तारखा पक्क्या झाल्या की लगेच. ड्रॉप टॅक्सी आदल्या दिवशी केली तरी मिळते. परतीचं विमान शक्यतो दुपारचं घ्या, म्हणजे शेवटच्या सकाळी देवळाजवळच्या गल्ल्यांत सुंगुडी साडी घेता येईल, बांधणीसारखे ठिपके असलेली सुती साडी, वजनाला हलकी, बॅगेत सहज मावते.